भावकीचं सुतक

आमच्या आडनावाची तीन माणसं इतिहासात आहेत. पहिला घाटाच्या तोंडावर मूठभर माणसं घेऊन उभा राहिला आणि तिथंच पडला. त्याची वीरगळ खालच्या गावात देवळाशेजारी आहे. दुसरा शिवथर खोऱ्यातला. गडाला वेढा पडला, वरचं धान्य संपलं, तरी त्यानं दरवाजा उघडला नाही असं सांगतात. तिसरा कुठला ते कुणाला सांगायचं नसतं. त्यानं दुसऱ्या एका गडाचा दरवाजा आतून उघडला, शत्रूला वाट दिली आणि बदल्यात वतन घेतलं.

आज महाडहून पोलादपूरकडे निघालात तर कितीतरी गाड्यांच्या मागच्या काचेवर आमचं आडनाव भगव्या अक्षरांत दिसेल. त्या सगळ्या गाड्या पहिल्याच्या वंशातल्या. शिवथरकडच्या काही दुसऱ्याच्या. तिसऱ्याला मूलबाळ झालंच नसावं असं वाटतं. पण खालच्या गावात तसं म्हणत नव्हते. तिथं म्हणायचे, तिसऱ्याचे वंशज वरच्या वाडीत राहतात. वरची वाडी म्हणजे आम्ही. चार घरं, डोंगराच्या कुशीला.

याला पुरावा कुणाकडं नव्हता आणि कुणी मागतही नव्हतं. शिमग्याला पालखी खालच्या देवळातून निघायची, भावकीतल्या प्रत्येक अंगणात खालूबाजाच्या तालावर नाचायची आणि आमच्या पायवाटेपाशी आली की माघारी वळायची. तोच पुरावा. माझे वडील त्या वळणावर नारळ घेऊन उभे असायचे. गुरव नारळ घ्यायचा, अंगारा द्यायचा, पालखी मात्र वर चढायची नाही. वडिलांना त्याचं वाईट वाटायचं की वाटून वाटून संपलं होतं, मला कधी कळलं नाही. मला वाटायचं. त्या वळणावर उभं राहून मी लहानपणी दात खाल्ले आहेत.

शाळेत गुरुजींनी एकदा पहिल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी आडनाव उच्चारलं तशी निम्मा वर्ग ताठ बसला. मीही बसलो. माझ्या मागं खालच्या गावातल्या मानाच्या घरचा मुलगा होता. ज्यांच्या घरातून वीरगळीला पहिला शेंदूर लागतो, ते घर. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, “तू कशाला फुगतोस रे? तुमचा तो दारवाला.”

मी पाटी त्याच्या तोंडावर मारली. त्याचा ओठ फुटला. गुरुजींनी मला बडवलं, त्याला पाणी दिलं. ‘दारवाला’ हे नाव मला शाळा सुटेपर्यंत चिकटून राहिलं, आणि गंमत म्हणजे पुढं मी धंदाही दारांचाच केला.

महाडला एका लाकडाच्या वखारीत हमाली करत होतो. तिथं बघून शिकलो की पडक्या घराचं लाकूड नव्यापेक्षा चांगलं असतं. मालकाला ते ठाऊक नसतं आणि घेणाऱ्याला असतं. महामार्ग रुंद व्हायला लागला आणि दोन्ही बाजूंची घरं पडायला लागली, तेव्हा मी स्वतःच्या नावानं दारं, खिडक्या, तुळया, खांब घ्यायला सुरुवात केली. सौदा करताना मी आधी बोलत नाही. दारावर हात फिरवतो, बिजागरी हलवून बघतो आणि गप्प बसतो. समोरच्याला गप्प बसणं सोसत नाही. तोच खाली येतो. पाचाडला एक म्हातारी मात्र मला पुरून उरली होती. ती माझ्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसली आणि शेवटी म्हणाली, “दार ने बाबा, उंबरा नाय देणार. माझी लेक सासरी गेली ती त्याच्यावरून गेली.” उंबऱ्यावाचून चौकटीला किंमत नाही. तरी मी दार घेतलं. ते माझ्या घराला आहे, नव्या उंबऱ्यावर.

सावित्रीला तो मोठा पूर आला तेव्हा माझी वखार छपरापर्यंत बुडाली. तुळया खाडीच्या दिशेनं वाहत गेल्या. मी पुन्हा उभा राहिलो. कुणाच्या दारात गेलो नाही. हे सांगतो एवढ्यासाठी की मला मिळालं ते मी घेतलेलं आहे, कुणी दिलेलं नाही. एक गोष्ट सोडून. ती मी सौदा करून घेतली, आणि तिचंच सांगायचं आहे.

खालच्या गावानं देऊळ नव्यानं बांधायला काढलं. मुंबई मंडळाचं म्हणणं पडलं सिमेंटचे खांब घाला. मानाच्या घरचे थोरले, म्हणजे माझ्या त्या वर्गमित्राचे वडील, अडून बसले. देवाला सागवानच पाहिजे. आणि तसे खांब साऱ्या तालुक्यात तेव्हा फक्त माझ्याकडं होते. महाडच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या घराचे, कोरीव, एकसारखे. थोरले काठी टेकत स्वतः वखारीत आले. खांबांवर हात फिरवला आणि गप्प बसले. मी मनात म्हटलं, हा गडी आपल्यातला आहे.

शेवटी मीच बोललो. “मोबदला नको मला. पालखी वरच्या वाडीत आली पाहिजे. भावकी म्हणून.”

ते हसले. “भावकी काय वखारीत मिळते रे? खांब देशील ते देवाला पोचतील. उद्या मी मेलो तर तू केस देशील? माझं सुतक धरशील? सुतक धरतो तो भाऊ. आडनाव काय, फाट्यावरच्या पाटीवर पण असतं.”

“धरीन.”

“बघ हा. घेतलेलं सुतक परत देता येत नाय.”

“घेतलेला माल मी कधी परत केलेला नाही,” मी म्हटलं.

आमच्या खोऱ्यांत हे असं आहे. आडनाव एक असलं म्हणून सोयरीक अडत नाही. एका आडनावाची दोन घरं वेगवेगळ्या मुळांची असू शकतात, आणि तशी लग्नं झालेली आहेत. पण ज्याच्या मरणाचं तुम्ही सुतक धरता, ज्याच्यासाठी डोकं बोडकं करता, तो तुमचा रक्ताचा. त्याची मुलं ती तुमच्या मुलांची भावंडं. मग कुणी काही विचारत नाही.

खांब गेले. पुढच्या वर्षी पितृपक्षाच्या आधी थोरले वारले. मी वखारीला कुलूप लावलं. वडील ओटीवर बसून बघत होते. म्हणाले, “लोकाच्या मड्यावर केस देतोस? आपल्याला काय कमी होतं रे?”

“तुम्हांला वळणावर उभं करत होते ते,” मी म्हटलं.

“उभा मी होतो. पाय माझे दुखायला पायजेत, तुझे कशाला दुखतात?”

मी ऐकलं नाही. दहा दिवस सुतक धरलं, फोडणीवाचून जेवलो, देवाला दिवा लावला नाही. दहाव्याला नदीवर त्यांच्या मुलांबरोबर रांगेत बसलो आणि न्हाव्यापुढं मान वाकवली. पिंड मांडला तर कावळा शिवेना. वर्गमित्र म्हणाला, शेत सांभाळीन; त्याचा धाकटा भाऊ म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळा आंब्यावरच. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हात जोडून म्हटलं, देवळाचं राहिलेलं काम मी पुरं करीन. कावळा उतरला. मागून कुणीतरी म्हणालं, “घ्या, कावळ्यानं पण मानला ह्याला.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते थोरल्यांसाठी नव्हतं.

त्या दिवशी माझी मुलगी बायकांबरोबर थोरल्यांच्या घरी आली होती. माझं बोडकं डोकं बघून ती घराच्या मागं जाऊन रडली. मला वाटलं, बापाला असं बघून कुठल्याही मुलीला रडू येईल. आणि थोरल्यांचा नातू, माझ्या वर्गमित्राचा मुलगा, तोवर मला शेठ म्हणायचा, तो पाया पडून पहिल्यांदाच “काका” म्हणाला. आवाज बसलेला होता. आजा गेला म्हणून, असं मी समजलो.

शिमग्याला पालखी वळणावर थांबली नाही. खालूबाजा वाडीत शिरला तसे कुत्रे भुंकत पळाले. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. पालखी माझ्या अंगणात नाचली. वडील पाचाडच्या दाराला टेकून उभे होते. त्यांच्या हातात नारळ होता आणि तो द्यायचा केव्हा हे त्यांना समजत नव्हतं, कारण आजवर तो रस्त्यावर द्यायची सवय. पालखी गेल्यावर म्हणाले, “आली बाबा. झालं तुझं समाधान?” मी हो म्हटलं. झालंच होतं.

वडील त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. आणि दहाव्याला खालच्या गावातले भावकीतले सगळे पुरुष नदीवर आले. माझ्या बापासाठी, ज्यांना त्यांनी जन्मभर वाटेवर उभं केलं, त्यांच्यासाठी ओळीनं सगळे बोडके झाले. मी ती रांग बघत राहिलो. बघता बघता रांगेच्या टोकाला थोरल्यांचा नातू बसला. त्याच्या केसांना वस्तरा लागला तेव्हा माझी मुलगी कळशी हातात धरून उभी होती. तिनं कळशी खाली ठेवली आणि ती नदीकडं पाठ करून वर निघून गेली.

तेराव्यानंतर तिच्या आईनं मला सांगितलं. थोरल्यांच्या नातवाशी, महाडच्या कॉलेजपासूनचं होतं. तो आता एमआयडीसीतल्या कंपनीत, ही इस्पितळात रक्त तपासायची. दोघं धाकट्या भावंडांचं शिक्षण संपायची वाट बघत होती. मुलगी दारात उभी होती.

“मला आधी विचारायचं होतं, बाबा.”

“केस माझे. कुणाला विचारायचे?”

“मीच सांगायला पाहिजे होतं मग. मला वाटलं, तुम्ही खांबच देताय.”

मी रागावलो नाही, हे तिलाही नवल वाटलं असेल. मी दुसऱ्या दिवशी खाली गेलो. वर्गमित्र अंगणात भात वाळवत होता. त्याच्या ओठावर अजून बारीक वण आहे. मी सांगितलं तसा तो खाली बसला.

“माझ्या पोरानं पण परवाच सांगितलं,” तो म्हणाला. “पोरगी सोन्यासारखी हाय तुझी. मला काय अडचण असती रे? पण माझ्या बापाचं सुतक तू घेतलंस, तुझ्या बापाचं आम्ही घेतलं. भावाबहिणीचं लग्न लावू काय आता?”

“आपण भाऊ नाही, तुला माहीत आहे.”

“मला माहीत हाय. तुलापण माहीत हाय. पण गावाला काय सांगायचं ते सांग.”

गावकी देवळात बसली. माझ्याच खांबांखाली. दुपारचा नैवेद्य होऊन गेला होता. बायका मागच्या बाजूला, त्यांत माझी बायको आणि मुलगी. वर्गमित्राचा मुलगा खांबाला टेकून उभा. वयानं मोठे होते त्यांनी तोड काढली आणि मला ती वाईट वाटली नाही: मी देवापुढं नारळ ठेवून सांगायचं की सुतक चुकून धरलं, आमची भावकी नाही. मग सोयरीक मोकळी.

“सांगतो,” मी म्हटलं.

“मग तुम्ही कुणाचे, तेपण सांगायला लागेल,” एकजण म्हणाला.

“ते कशाला?”

“अरे, पहिल्याचे नाय. शिवथरवाले तुम्हांला ओळखत नायत. उरला कोण? उद्या आणखी कुणी विचारलं, की तुम्ही गावाला फसवून भावकीतल्या भावकीत लग्न लावलंत, तर? एकदाच काय ते बोल. आमी दार उघडणाऱ्याचे, म्हण. कोण मारतंय तुला?”

मी सौदा केला. आयुष्यात केला नाही इतका केला. म्हटलं, आमचं मूळ ठाऊक नाही एवढं म्हणतो. नको म्हणाले. म्हटलं, वेगळ्या कुळाचे म्हणतो. नको. पालखी परत वळणावरून न्या म्हटलं, वीरगळीच्या शेंदराला हात लावणार नाही म्हटलं, खांब तुमचेच राहू देत. ते ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. मग मी माझी युक्ती केली, गप्प बसलो. तेही गप्प बसले. मी मागं बघितलं. मुलगी माझ्याकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

मी उठलो. म्हटलं, “आणा नारळ.”

हे लक्षात ठेवा, मी उठलो होतो. मला हट्टी म्हणतात त्यांना हे आठवत नाही.

नारळ हातात घेतला. वर्गमित्र माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. खांद्यावर हात ठेवून, हसून, हळूच म्हणाला, “ये की रे दारवाल्या. दार उघडायला तुम्हांला एवढा वेळ लागतो होय?”

पुढं मला पुष्कळांनी सांगितलं की तो व्याही म्हणून बोलला. सोयरीक ठरली की व्याही व्याह्याची टोपी उडवतोच, त्यात वाईट काय. असेल. मला शाळा ऐकू आली. मी नारळ देवापुढं ठेवला नाही, फेकला. तो त्याच्या कानावरून गेला आणि खांबावर फुटला. मी म्हटलं, “आम्ही पहिल्याचे. माझ्या बापासाठी केस दिलेत तुम्ही, आता परत घेऊन दाखवा.” आणखीही बोललो. त्याच्या बापाविषयी बोललो, ज्यांचं मी सुतक धरलं होतं. कुणी मला धरलं, कुणी त्याला. त्याच्या मुलाला कुणी धरलं नाही, तो जागचा हललाच नव्हता. गावकी उठली. जाता जाता एक म्हातारा म्हणाला, “झालं. देवापुढं बोलला. भावकी पक्की.”

सगळे बाहेर गेल्यावर मुलगी खांबापाशी वाकली आणि नारळाचे तुकडे गोळा करायला लागली. पायदळी येऊ नयेत म्हणून. ओटीत भरून देवापुढं ठेवले. वाडीच्या चढावर ती पुढं होती, आम्ही मागं. वळणावर ती थांबली.

“ते हसून बोलले होते, बाबा,” एवढंच म्हणाली.

वर्षानं त्या मुलाचं लग्न ठरलं, माणगावकडची मुलगी. अक्षता घेऊन वर्गमित्राची बायको आमच्याकडं आली. हळदीकुंकू झालं, चहा झाला, तरी ती उठेना. मग माझ्या बायकोचा हात धरून म्हणाली, “कसं सांगू गो तुला. आमच्या पोराला बहीण नाय. भावकीत लग्नाची मुलगी तुमचीच. करवलीचा मान तिचा. दुसरीला दिला तर लोक विचारतील.”

मी म्हटलं, आम्हांला मान नको. बाई रडायला लागली. मान घ्यायला मी काय काय केलं हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक. तो नाकारायची सोय माझ्याकडं उरली नव्हती. मुलगी आतून आली आणि म्हणाली, “येईन मी, काकू.”

ती गेली. हातात करा धरून नवरदेवाच्या मागं उभी राहिली. मी मांडवात पुढच्या रांगेत होतो, भावकीच्या फेट्यात. मंगलाष्टकं चालू असताना त्या मुलानं एकदाही मान वर केली नाही. तिनं केली होती. ती समोर बघत होती, अंतरपाटाच्या वरून कुठंतरी. घरी आल्यावर करवलीची मानाची साडी घडी न मोडता आईच्या मांडीवर ठेवली. महिन्याभरात तिनं मुंबईच्या इस्पितळात नोकरी धरली आणि सकाळच्या एस.टी.नं गेली. स्थळं येतात. ती नको म्हणते.

मी चुकलो असं मला अजून वाटत नाही. एका नारळावर आणि एका आडनावावर पोरांची आयुष्यं टांगणारा मी नव्हे, ते खालचे. मला एवढंच पाहिजे होतं की माझ्या बापानं वाटेवर उभं राहू नये. पालखी आता दर वर्षी वर येते, आणि माझं अंगण मोठं म्हणून सगळ्यांत जास्त वेळ माझ्याकडंच नाचते. वर्गमित्रानं माझ्याशी पुन्हा कधी थट्टा केलेली नाही. भाऊ म्हणतो. देवळातल्या त्या खांबावर नारळ लागला तिथं कोरीव पाकळीचा टवका उडाला आहे. सुताराला सांगून भरून घेता येईल. मी घेत नाही.

या पावसाळ्यात खालून निरोप आला. त्या मुलाला मुलगा झाला. भावकीला सोयर. जन्माचंही सुतक असतं आमच्यात. दहा दिवस देवाला दिवा लावायचा नाही. तेही सगळ्यांना लागतं, आणि लग्न न झालेल्या मुलीला बापाच्या घरचं लागतं, ती कुठंही असो. बायकोला फोन करवेना. म्हणून मीच केला.

“खालच्या घरात मुलगा झालाय,” मी म्हटलं. “सोयर आहे. तुलाही लागतं. तिकडं देवाला दिवा लावत असशील तर लावू नकोस.”

पलीकडं इस्पितळातला आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

“किती दिवस?” तिनं विचारलं.

“दहा.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.